‘ती घरीच असते!’

जनगणनेच्या कामासाठी एखादा शिक्षक दारात येऊन उभा राहतो, तेव्हा घरातील पुरुषांच्या व्यवसायाचा रकाना भरावयास त्याला फारसा वेळ लागत नाही. कोणी शेती करीत असतो, कोणी शाळेत शिकवीत असतो, कोणी तहसील कचेरीत लिपिक असतो. मग प्रश्न घरच्या स्त्रीचा येतो. ‘आणि या काय करतात?’ असे विचारले की उत्तर बहुधा तिच्याऐवजी तिचा पतीच देतो आणि ते उत्तर ठरलेले असते. ‘ती घरीच असते.’ ज्या स्त्रीविषयी हे बोलले जाते ती त्या वेळी आतल्या खोलीत यंत्रावर कोणाचे तरी पोलके शिवीत असते, किंवा दाराशी बसून लोकरीचे टाके मोजीत असते. तिलाही ते उत्तर खटकत नाही. शिक्षक पुढल्या घराकडे वळतो आणि राष्ट्राच्या हिशेबात एक स्त्री ‘काम न करणारी’ म्हणून जमा होते.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव घ्या. कापसाच्या मुलखातील हे गाव इतर शेकडो गावांसारखेच आहे. येथील एखाद्या मध्यम स्थितीतील घराचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. दिवाळीपूर्वी मुलांचे कपडे शिवून व्हावयाचे असतात. करंज्या-शंकरपाळ्यांबरोबर रवा, साखर व तूप मळून नानकटाई करावयाची असते; भट्टी जवळ असेल तर थाळे तेथे न्यावयाचे, नसेल तर कुकरच्या तळाशी वाळू पसरून ती चुलीवर भाजावयाची. त्याच वाळूवर मुलाच्या वाढदिवसाचा केकही होतो. थंडी पडू लागली की सुया आणि लोकर बाहेर येते, कारण पौषातील पहाट या भागात चांगलीच बोचते आणि शाळा सकाळची असते. उन्हाळ्यात कुरड्या, पापड, शेवया व सांडगे यांचा हंगाम. आणि त्या सर्वांच्या आगेमागे, वर्षभर, गोधडी. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत जाणाऱ्या धावदोऱ्याने ती शिवली जाते. जो कापूस याच काळ्या मातीतून गाड्या भरून बाहेर गेला आणि कापड होऊन भाव चढवून परत आला, तो अंगावर विरल्यानंतर याच घरात पुन्हा पांघरूण होतो. कापसाच्या या प्रवासातील इतर प्रत्येक टप्प्याची कोठे ना कोठे नोंद आहे. पेरा नोंदला जातो, गाठी मोजल्या जातात, सूत आणि कापड यांवर कर बसतो. फक्त शेवटचा टप्पा, म्हणजे त्या बाईचा धावदोरा, कोणत्याही वहीत सापडत नाही.

ही केवळ भावनेची तक्रार नाही. जनगणनेच्या व्याख्येतच ती विसंगती आहे. २००१ व २०११ च्या जनगणनांत ‘काम’ म्हणजे आर्थिकदृष्ट्या उत्पादक अशा कामातील सहभाग, मग त्याचा मोबदला मिळो वा न मिळो, अशी व्याख्या होती. शेती आणि दुग्धोत्पादन ही कामे तर केवळ घरच्या वापरासाठी केली तरीही ती करणारी व्यक्ती ‘काम करणारी’ धरली जात असे. म्हणजे असे की, गोठ्यातील म्हशीचे दूध काढून घरच्याच चहात घातले तर ते काम. पण त्याच घरासाठी गोधडी शिवली, स्वेटर विणला किंवा नानकटाई भाजली तर ते काम नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीने १९९३ सालीच घरच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंची निर्मिती उत्पादनात धरावी असे मानले आहे. धुणे-भांडी, स्वयंपाक यांसारख्या सेवा त्या पद्धतीनेही बाहेर ठेवल्या, हा वेगळा वादाचा विषय; परंतु गोधडी ही सेवा नसून वस्तू आहे, हे तरी निर्विवाद आहे.

आकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचा विस्तार कळतो. २०११ च्या जनगणनेत घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असे सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १६ कोटी होत्या, तर असे सांगणारे पुरुष सुमारे ५८ लाख. २०१९ साली केंद्र सरकारने प्रथमच देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण केले. त्यात शंभरपैकी सुमारे ८१ स्त्रिया बिनमोबदल्याचे घरकाम करताना आढळल्या आणि त्यांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला. पुरुषांत हे प्रमाण शंभरात २६ आणि वेळ ९७ मिनिटे. घरच्या वापरासाठी वस्तू तयार करण्याचा वेळ या २९९ मिनिटांत धरलेला नाही; त्याचा रकाना निराळा आहे. आता लिपिक बंधूंनी एक सोपा हिशेब करून पाहावा. रोजची २९९ मिनिटे म्हणजे वर्षाचे सुमारे १,८०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर हे सव्वादोनशेहून अधिक दिवस होतात. जनगणनेच्या नियमाप्रमाणे वर्षातून सहा महिने, म्हणजे १८३ दिवस, काम करणारी व्यक्ती ‘मुख्य काम करणारी’ ठरते. सरकारच्याच एका खात्याचा गज सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या आकड्याला लावला, तरी ‘घरीच असते’ म्हणून नोंदलेली ही स्त्री मुख्य कामकरी ठरते.

असे असूनही आपण विणकाम-भरतकामाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणतो. हा फावला वेळ कोणता? पाच तास घरकाम झाल्यानंतर, शेतावर जाणारी असेल तर तेथून परत आल्यानंतर, मुले झोपल्यानंतर जो उरतो तो. पुरुषाचा फावला वेळ पारावर, चहाच्या टपरीवर किंवा वर्तमानपत्रात जातो आणि त्यातून काही निर्माण व्हावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. स्त्रीचा फावला वेळ मात्र रिकामा दिसता कामा नये. गप्पा मारावयास ती शेजारी बसली तरी हातात सुया असाव्या लागतात, नाही तर ती रिकामटेकडी ठरते. ज्या वेळातून मुलांच्या अंगावरचे ऊबदार कपडे निघतात, त्या वेळाला फावला म्हणणे ही भाषेची चूक नव्हे, ती दृष्टीची चूक आहे.

या कामाला किंमत आहे हे आपल्या समाजाने मान्य केले नाही असे नाही. पण ते कोठे मान्य केले? अपघाताच्या दाव्यात. स्त्री मरण पावल्यानंतर तिच्या वारसांना किती भरपाई द्यावयाची, या प्रश्नाने न्यायालयांना हिशेब मांडावयास लावले. मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जोडलेल्या परिशिष्टात न कमावत्या व्यक्तीचे मानीव उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले होते, आणि न कमावत्या पत्नीचे पतीच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. म्हणजे एकाच प्रकारची गोधडी शिवणाऱ्या दोघींपैकी लिपिकाच्या पत्नीचे मोल एक आणि अधिकाऱ्याच्या पत्नीचे दुसरे. जमशेदपूर येथे ३ मार्च १९८९ रोजी झालेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ३४ ते ५९ वर्षे वयाच्या गृहिणींच्या सेवेचे मोल कमीत कमी महिना ३,००० रुपये धरले. २०१० साली न्यायमूर्ती गांगुली यांनी आपल्या निकालपत्रात एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली: २००१ च्या जनगणनेने गृहिणींना भिकारी, वेश्या व कैदी यांच्या वर्गात, अनुत्पादक म्हणून बसविले, आणि ही वृत्ती असंवेदनशील आहे. जानेवारी २०२१ मधील निकालात याच न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मानीव उत्पन्न धरणे म्हणजे तिच्या श्रमांची कबुली देणे होय, असे पुन्हा बजावले. न्यायालयांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु जिवंत असेपर्यंत जी ‘काही करीत नाही’, तिच्या हातांचे मोल ती गेल्यानंतर तिच्याच घरच्यांनी वकील लावून सिद्ध करावे, यात जो उपरोध आहे तो कायद्याचा नाही, आपला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो. आई मुलासाठी स्वेटर विणते ते मायेने. त्या मायेचा तास-मिनिटांत हिशेब कसला करता? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. आजीने शिवलेल्या गोधडीत तिच्या लुगड्याचा वास असतो, आणि तो बाजारात मिळत नाही, हे कोण नाकारील? पण मग शिक्षकांनी स्वतःलाच विचारावे. वेतन मिळते म्हणून आपले विद्यार्थ्यांवरील प्रेम कमी होते काय? वेतनवाढीच्या मागणीस कोणी ‘ज्ञानदानाचे मोल करू नका’ असे उत्तर दिले, तर आपण ते पवित्र मानून घरी जातो काय? मायेची किंमत करू नये हे खरे. पण त्याचा अर्थ मायेच्या नावाखाली श्रम फुकट घ्यावेत असा होत नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र आपण तसा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो.

आणि हीच सुई बाजारात बसली की चित्र पालटते. बाजारपेठेत यंत्र टाकून बसलेला शिंपी हा कारागीर. त्याचे दुकान, त्याचा दर, त्याची नोंद. घरात तेच यंत्र चालविणारी बाई ‘जरा शिवणटिपण करते’. लग्नाच्या पंगतीचा आचारी बिदागी ठरवून येतो; रोजच्या पंगतीची आचारीण कोणी मोजत नाही. कामाचा दर्जा कौशल्याने ठरत नसून ते कोठे बसून, कोणी आणि कोणत्या वहीत नोंदवून केले यावर ठरतो. याचा उत्तम पुरावा महाराष्ट्रातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटावयास सुरुवात केली. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सभासद भगिनी पिठाचा गोळा घरी नेतात, घरीच लाटतात आणि पापड आणून देताना लाटणावळ घेतात. घर तेच, पोळपाट तेच, लाटणारे हातही तेच. बदलली ती फक्त नोंदवही.

तरीही सगळे घरकाम बाजाराच्या स्वाधीन करून हा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. पुन्हा एक हिशेब करू. लहान मुलाच्या स्वेटरला तीस-बत्तीस तास लागतात असे धरा. म्हणजे चार दिवसांची मजुरी. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्या दराने नुसती विणणावळच १,२४८ रुपये होते, लोकर वेगळी. आठवड्याच्या बाजारात यंत्रावर विणलेला स्वेटर याहून कितीतरी कमी पैशांत मिळत असताना फुलसावंगीत हा भाव कोण देणार? तेव्हा बचत गट काढा, प्रदर्शन भरवा, कर्ज घ्या, असा सरधोपट उपदेश करणाऱ्यांनी आधी हा हिशेब पाहावा. ज्या वस्तूला यंत्राशी भावात टक्कर द्यावी लागते तेथे हात हरणारच. जेथे हाताची खूण हीच वस्तूची किंमत असते, तेथेच तो टिकतो.

अशी वस्तू या परिसरात आहे. पुसद, महागाव, दिग्रस या भागांतील तांड्यांवर बंजारा स्त्रियांची भरतकामाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फेटिया-कांचळीवरील आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांची भौमितिक नक्षी यंत्राला साधत नाही. कर्नाटकातील संडूर येथे याच समाजाच्या स्त्रियांच्या भरतकामाला संस्थेचे पाठबळ मिळाले, संडूरच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या कामाला देशाबाहेरचे गिऱ्हाईक लाभले. टाका तोच, जमात तीच. मग पैनगंगेच्या खोऱ्यातील लेकीसुनांनी तो टाका केवळ सणासुदीच्या कपड्यांपुरता ठेवावा आणि हळूहळू विसरून जावा, असे का व्हावे? नक्षीची नोंद, शिकविणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांना मानधन आणि थेट विक्रीची सोय एवढे तरी येथे निश्चित करता येण्यासारखे आहे.

उरलेल्या कामाचे, म्हणजे जे विकले जाणार नाही आणि विकले जाऊही नये त्याचे काय? त्याचे उत्तर मोजणीत आहे. ही अशक्य गोष्ट नव्हे. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीने महाराष्ट्रभर मूळ धरले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हे तत्त्व त्या वेळी अनेकांना स्वप्नरंजन वाटले होते. पण राज्याने ते करून दाखविले. रखरखीत माळावर खोदलेल्या प्रत्येक खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजली गेली आणि हजेरीपटावर बाईचे नाव बाईचे म्हणूनच लागले. माळावरचा खड्डा मोजण्याची पद्धत ज्या राज्याने बसविली, त्याला घरातील श्रम मोजता येणार नाहीत असे कसे म्हणावे? २०२४ साली राज्याने ‘लाडकी बहीण’ योजनेद्वारे स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये देण्यास प्रारंभ केला. त्या पैशाने अनेक घरांना आधार झाला, हे मान्य. पण ती ओवाळणी आहे, मेहनताना नव्हे. ओवाळणी भावाच्या मर्जीवर आणि तिजोरीच्या स्थितीवर राहते; मेहनतान्यावर हक्क सांगता येतो. दोहोंतील फरक विसरला गेला तर स्त्रीच्या श्रमांची नोंद करण्याची निकड कोणालाच उरणार नाही.

म्हणून पुन्हा त्या दाराशी येऊ. २०२७ च्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरविण्यात आला आहे. या वेळी कागदाच्या जागी भ्रमणध्वनीचे यंत्र आले, तरी ते हातात धरणारे प्रगणक बहुतांशी शिक्षक व कर्मचारीच असतात. प्रश्नावली बदलण्याचा अधिकार त्यांना नाही. पण प्रश्न कोणाला विचारावयाचा, हे पुष्कळसे त्यांच्या हाती असते. पतीला न विचारता त्या स्त्रीला विचारावे. ‘काही काम करता का?’ एवढ्यावर न थांबता, ‘कोणाचे कपडे शिवून देता का, पापड-शेवया करून देता का, त्याचे पैसे किंवा धान्य मिळते का?’ असे विचारावे. शेजारणीची पोलकी शिवून चार पैसे मिळविणारी बाई ही प्रचलित व्याख्येनुसारही घरगुती उद्योगातील कामकरी आहे. ती ‘घरीच असते’ म्हणून गळते याला नियम कारण नाही, आपली घाई कारण आहे. जी केवळ घरासाठी राबते तिच्यासाठी मात्र व्याख्याच बदलावी लागेल. दूध आणि गोधडी यांत भेद करणारा नियम कोणत्या तर्कावर उभा आहे, हे शिक्षक संघटनांनी, महिला मंडळांनी आणि आमदार-खासदारांनी विचारलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट कोणत्याही नियमाची वाट न पाहता करता येण्यासारखी आहे. वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र असावे असा विचार मांडला. वर्धा यवतमाळच्या शेजारचाच जिल्हा. पुढे शाळांतून हा विचार आटत आटत मुलींना शिवण आणि मुलांना बागकाम एवढाच उरला. बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे, कणीक मळणे ही कौशल्ये मुलांनाही शाळेत शिकविता येतील. ज्याने स्वतः एकदा वीस टाके उसवून पुन्हा घातले आहेत, तो मोठेपणी आपल्या पत्नीच्या हातातील कामाला फावल्या वेळचा उद्योग म्हणणार नाही. मुलगी मात्र शिवणयंत्रापाशी बसविण्यासाठी शाळेतून काढली जात असेल, तर त्या शिवणकामाचे कौतुक करण्याचा अधिकार आपल्याला नाही. हस्तकौशल्याचा गौरव आणि सक्ती यांतील ही सीमा ओलांडली जाऊ नये.

वऱ्हाडच्याच मातीत जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. त्या गोधडीला आपण हात जोडतो. आपल्या घरातील गोधडी कोणी शिवली, किती रात्री जागून शिवली, हे मात्र आपण विचारीत नाही. या वर्षी थंडीत ती अंगावर ओढून घेताना एवढे तरी विचारावे. आणि दारात कोणी वही घेऊन आला, तर ‘ती घरीच असते’ हे उत्तर न देता तिलाच पुढे येऊन सांगू द्यावे.